उथळ पाण्यातला गाळ काही किलोमीटर जाड कसा होतो?

प्रश्न : गाळाच्या खडकांचे थर काही ठिकाणी कित्येक किलोमीटर जाडीचे असतात आणि तरीही त्यांत तळापासून माथ्यापर्यंत उथळ पाण्याच्याच खुणा आढळतात, असे वाचले. उथळ पाण्यात एवढा गाळ मावतो तरी कसा?

उत्तर : द्रोणी, म्हणजे गाळ साचणारा विस्तीर्ण खोलगट भाग, आधी तयार होते आणि मग भरते, ही समजूत येथे आड येते. प्रत्यक्षात गाळ साचत असतानाच तळ खचत असतो आणि दोन्हींचा वेग जुळला, तर पाणी उथळच राहते. गाळाच्या भाराने खचणे वाढते हे खरे. पाण्याने भरलेल्या एक किलोमीटर खोल द्रोणीत त्यामुळे दोन ते तीन किलोमीटर गाळ मावू शकतो. मात्र सुरुवात करून देतात ती भूपट्टांची, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराच्या सरकत्या प्रचंड तुकड्यांची, बले.

भूपट्ट ताणला गेला की भूकवच पातळ होते, प्रस्तरभंगांवरून (ज्यांवरून खडक तुटून सरकतात त्या भेगांवरून) खडकांचे ठोकळे खाली सरकतात आणि खचदरी तयार होते. ताण थांबल्यावरही वर आलेले तप्त प्रावरण (भूकवचाखालचा खडकांचा थर) निवत व जड होत जाते, त्यामुळे तळ कोट्यवधी वर्षे संथपणे खचत राहतो; ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ डॅन मॅकेन्झी यांनी १९७८ मध्ये याचे गणित मांडले. उत्तर समुद्राखाली हे दोन्ही टप्पे दिसतात. गंगेच्या मैदानाखालची द्रोणी मात्र हिमालयाच्या भाराने भारतीय भूपट्ट वाकल्यामुळे झाली, म्हणून तिथला गाळ पर्वताच्या पायथ्याशी सर्वांत जाड आहे.

अशा हालचालींचा काळ ठरवताना थरांची जाडी आधी पाहावी, असे मी आवर्जून सांगेन. खचलेल्या बाजूचा वालुकाश्म प्रस्तरभंगाकडे जाड होत गेला असेल आणि पलीकडे तोच थर पातळ असेल, तर तो साचत असतानाच प्रस्तरभंग सरकत होता. दोन्हीकडे जाडी सारखी असून थर केवळ तुटून खालीवर झाला असेल, तर हालचाल नंतरची; आणि थर प्रस्तरभंगावरून अखंड गेला असेल, तर ती त्याआधीच थांबलेली.

बलाची दिशा पुढे उलटूही शकते. कच्छची द्रोणी गोंडवनभूमी (भारत, आफ्रिका आदी भूभाग एकत्र असलेले प्राचीन महाखंड) दुभंगताना ताणामुळे तयार झाली. आज ती दाबाखाली असून तिच्यातले जुने थर वळ्या पडून डोंगरांच्या रूपात वर आले आहेत. २६ जानेवारी २००१ चा भूकंपही तेथे दाबामुळे सरकणाऱ्या प्रस्तरभंगावरच झाला.