बाकावर शेजारी बसणाऱ्या पोराचं नाव

प्रिय बाळा,

तुझा मेसेज काल रात्री पावणेअकराला आला. तेव्हा मी ओटा आवरत होते, उभ्याउभ्याच वाचला आणि मग खाली बसून परत एकदा वाचला. पिंपरीची शाळा, तिथला ग्रुप, तिथलं ग्राउंड, सगळं लिहिलंस. अमळनेरला येऊन तीन आठवडे झाले आणि मधल्या सुट्टीत तू पाण्याच्या टाकीमागे जाऊन एकटाच डबा खातोस हेही लिहिलंस, ते वाचून पोटात कालवलं माझ्या. पण एक गोष्ट लक्षात आली. एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये, तुझ्या बाकावर रोज सहा तास जो पोरगा बसतो त्याचं नाव कुठेच नाही. "बाजूचा मुलगा" एवढंच. त्यावर नंतर येते.

आधी ते हजेरीचं. सगळ्यांची नावं ओळीने छापलेली आणि तुझं शेवटी पेनाने लिहिलेलं, आणि सर रोज वर्गासमोर विचारतात, दाखला आला का रे. मला माहितीये ते किती लागतं. पण हे नीट ऐकून ठेव, दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळेला तुझा प्रवेश अडवता येत नाही, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय आणि तू आठवीत आहेस म्हणजे तो कायदा तुझ्यासाठीच आहे. तू त्या वर्गात पाहुणा म्हणून बसलेला नाहीस. दाखल्याचं आई बघेल, तो मोठ्यांचा विषय आहे, तू ते ओझं दप्तरात घालून नेऊ नकोस.

आता माझं सांगते. तुला मी इथलीच वाटते ना? मी सातवीत असताना रत्नागिरीकडून इकडे खानदेशात आले, बाबांची बदली झाली म्हणून. जूनमध्ये तिकडे छपराच्या पागोळ्या धो धो वाहत असायच्या आणि इथे उतरलो तर नुसती धूळ, आणि ऊन असं की चपलेतून चटका बसायचा. पहिल्याच दिवशी मी कुणाला तरी "काय गो" म्हटलं आणि अख्खा वर्ग हसला. त्यानंतर महिनाभर माझं नाव "कायगो"च होतं. डब्यात भात न्यायचे, त्यालाही हसायच्या, डब्यात भात कोण आणतं म्हणून. मग मी काय केलं तर बोलणंच बंद केलं. मला वाटायचं गप्प राहिलं की कुणी हसणार नाही, आणि खरंच नाही हसलं कुणी, पण त्यांनी मला शिष्ट ठरवून टाकलं. शहाणी समजते स्वतःला, असं. मी आतून घाबरलेली होते पण बाहेरून ते गर्वासारखं दिसत होतं, हे मला फार उशिरा कळलं. तू टाकीमागे जातोस ना, ते पोरांना कसं दिसत असेल याचा एकदा विचार कर.

माझी कोंडी फुटली ती एका भाकरीमुळे. माझ्या बाकावरच्या मुलीने डबा उघडला, त्यात करड्या-काळपट रंगाची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मी पटकन बोलून गेले, "शी, जळली का ही?" तिचा चेहराच उतरला, तिने डब्याचं झाकण अर्धं लावलं आणि झाकणाआडून खायला लागली. बाळा, ते झाकण मला आजही दिसतं. माझ्या भाताला हसल्या म्हणून मी रडत होते आणि मीच तिच्या भाकरीला नाव ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, कालचं चुकलं माझं, ती कसली भाकरी होती ते सांगशील का? ती आधी बघतच राहिली. मग सुरू झाली ती थांबेना, की ही कळण्याची भाकरी, ज्वारीत अख्खे काळे उडीद घालून दळतात, म्हणून रंग असा, हिवाळ्यात भरताबरोबर खायची, भरीत म्हणजे तुमच्यासारखं जांभळ्या वांग्याचं नाही हां, आमची वांगी मोठी, हिरवी-पांढरी, ती कपाशीच्या काड्यांवर भाजायची. मधली सुट्टी संपली तरी तिचं चालूच. त्या दिवशी मी काहीही हुशारीचं बोलले नव्हते, फक्त विचारलं होतं. आणि शेवटी तिने अर्धी भाकरी तोडून माझ्या भातावर ठेवली.

तू लिहिलंयस की आईकडून पैसे घेऊन सगळ्या वर्गाला वडापाव खिलवायचा विचार आहे, नाहीतर नवीन बॅट घेऊन जायची. नको करू. वडापाव खाऊन पोरं थँक्यू म्हणतील आणि पुढच्या आठवड्यात परत कधी म्हणून विचारतील. तू द्यायला निघालायस, पण नव्या माणसाने आधी घ्यायचं असतं, म्हणजे मदत घ्यायची, माहिती घ्यायची, शिकून घ्यायचं. ज्याला आपण काही शिकवलं तो पोरगा आपल्याला आपला वाटायला लागतो, हे मी स्वतःवर आणि पुढे शिकवताना शेकडो पोरांवर पाहिलंय. गणिताची मागची वही माग. नदीकडे कुठल्या रस्त्याने जायचं, सायकलचं पंक्चर कुठे काढतात, कुठल्या सरांच्या तासाला वही विसरून चालत नाही, हे विचार. ज्याची उत्तरं तुला खरंच हवीत तेच विचार, उगाच नाटकी विचारलं की पोरांना लगेच कळतं.

भाषेचं तसंच. तू लिहितोस ते काय बोलतात अर्धं कळत नाही आणि तुला वाटतं ते तुझ्याबद्दलच बोलतात. अरे ती अहिराणी आहे, ते घरी तसंच बोलतात. एक गोष्ट लक्षात ठेवली तर अर्धी अहिराणी ओळखू येईल, आपला ळ तिथे बऱ्याचदा य होतो. डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी. "शे" म्हणजे आहे. "आठे" म्हणजे इथे. कुणी "बठ आठे" म्हटलं तर तो तुला बस म्हणतोय, हाकलत नाहीये! पण त्यांची नक्कल करू नकोस, म्हणजे तोंड वाकडं करून तो सूर काढायचा तसं. इथल्या पोरांनी शहरात गेल्यावर "गावठी" हा शब्द खूप ऐकलेला असतो, त्यामुळे तो त्यांना लगेच बोचतो. ज्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि ज्यांनी घरच्या बोलीतच गाणी रचली, त्यांचं नाव 2018 पासून जळगावच्या विद्यापीठाला आहे. तेव्हा शब्द माग, चुकीचा बोल, ते हसतील, तूही हस आणि बरोबर कसं ते विचार. हे हसणं आणि माझ्या "कायगो"चं हसणं यात फरक असतो, तो कानाला कळतो.

आता एक गोष्ट सांगते जी मी फार कमी लोकांना सांगितलीये. श्रावण आला. इकडे नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी कानबाई देवी बसते, खानदेशात हा फार मोठा सण. त्याच भाकरीवाल्या मैत्रिणीने मला घरी नेलं. घर माणसांनी भरलेलं, बायका गाणी म्हणत होत्या, रात्रभर जागरण, मी एकदम खुश. मग पानं वाढली, सगळे कानबाईच्या प्रसादाचे रोट खायला बसले आणि मला कुणी बस म्हणालंच नाही. मी दारापाशी उभी. मैत्रीण पण माझ्याकडे न बघता जेवत होती. मी तशीच घरी आले आणि आईच्या कुशीत शिरून इतकी रडले की बास, म्हटलं उद्यापासून शाळेतच जायचं नाही. दुसऱ्या दिवशी तिची आजी आमच्या दारात हजर, हातात झाकलेलं ताट. म्हणाली पोरी, रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, ते आमच्या सख्ख्या जावयालाही देत नाही, तुझ्यासाठी वेगळं रांधून ठेवलं होतं आणि तू निघूनच गेलीस. म्हणजे माझं ताट तयार होतं! मी एक वाक्य विचारलं असतं तर रात्रभर रडले नसते.

म्हणून तुझा तो कबड्डीचा प्रसंग मला वेगळा दिसतो. तू कडेला उभा होतास आणि तुला कुणी घेतलं नाही. शक्य आहे की मुद्दाम नाही घेतलं. पण त्यांच्या टीम तिसरीपासून ठरलेल्या असतील, तुला खेळता येतं का हे त्यांना माहितीच नसेल, आणि तू मागितलंसही नाहीस. उद्या जाऊन सांग, मी गुण मोजतो. तिथे रोज उभा राहिलास की एक दिवस कुणीतरी आजारी पडतंच.

मागच्या बाकावरच्या तिघांनी तुला लगेच जवळ केलं म्हणतोस, त्यांच्याबद्दल जरा सावध. त्यांची मला ओळख नाही, कदाचित चांगले असतील. पण नवा पोरगा एकटा असतो, त्याला "हे करून दाखव मग तू आपला" असं म्हणणारे पहिल्या आठवड्यातच भेटतात. खिडकीची काच, कुणाच्या सायकलची हवा, कुणा मुलीला चिठ्ठी, असलं काही सांगितलं तर सरळ नाही म्हण आणि उठून ये. आणि चिडवणं वेगळं आणि त्रास देणं वेगळं. कुणी मारलं, पैसे मागितले, दप्तर लपवलं, रोज तेच करायला लागले, तर त्याच दिवशी आईला आणि वर्गशिक्षकांना सांगायचं, ती चुगली नसते. मोठं कुणी ऐकतच नाही असं वाटलं तर 1098 लक्षात ठेव, मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत.

तू ज्या गावात आहेस तिथे 1924 ते 1930 साने गुरुजी शिक्षक होते, हे तुला कुणीतरी सांगेलच. पण ते आमच्या बाजूचे, रत्नागिरीकडच्या पालगडचे, हे सहसा कुणी सांगत नाही कारण इथल्या लोकांनी त्यांना केव्हाच आपलं करून टाकलंय. तेही इथे नवेच होते. वसतिगृहातल्या पोरांच्या खोल्या झाडायचे, कपडे धुवायचे, त्यांच्यासाठी हाताने लिहून रोजचं पत्र काढायचे. सहा वर्षं. सातवीत मला हे बाबांनी सांगितलं तेव्हा फार आधार वाटला होता, की आपल्याकडचा एक माणूस इथे येऊन रमला.

वेळ लागेल बाळा. मला दिवाळीपर्यंत लागला आणि मध्ये चांगले गेलेले चार दिवस परत वाईट व्हायचे. रात्री पिंपरीच्या पोरांशी बोलत जा, ती दोस्ती तोडायची काहीच गरज नाही, फक्त रोज दोन तास त्यांचे फोटो बघत बसू नकोस, सकाळी उठून शाळेत जायला पाय उचलत नाही त्याने.

हिवाळ्यात आमच्या शेतावर भरीत करतो, तेव्हा तुम्ही सगळे धुळ्याला यायचंय, आईला आत्ताच सांगून ठेव. उद्या डबा टाकीमागे नेऊ नकोस, बाकावरच उघड. आणि त्या बाजूच्या मुलाला त्याचं नाव विचार, घरी त्याला काय हाक मारतात तेही विचार, आणि रात्री मला कळव. मी जागी असते अकरापर्यंत.

तुझी,
मावशी