डिस्कचा गट ‘आयात’ होतो की ‘दाखल’?

परभणीकडच्या एका तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या सरांनी विचारलंय: युनिक्सवर ‘व्हॉल्यूम ग्रुप इम्पोर्ट करणे’, म्हणजे एकत्र बांधलेल्या डिस्कांचा गट नव्या मशीनवर वापरात आणणे, याला मराठीत काय म्हणावं? त्यांच्या छापील टिपणात ‘खंडगट आयात करणे’ असं आहे. वर्गात ते वाचल्यावर एका पोरानं विचारलं, “सर, मग डेटा कुठून यायलाय?”

पोरगं बरोबर आहे. ‘आयात’ म्हणजे मुळात ‘आलेलं’. ‘या’ म्हणजे जाणे, त्याच्या आधी ‘आ’ लागला की येणे. हा शब्द माल हलल्याशिवाय वापरताच येत नाही. आपल्याकडं सोयाबीनचा भाव पडला की पहिली शिवी खाद्यतेलाच्या आयातीला बसते, म्हणजे शब्दाला जहाजाचा आणि टँकरचा वास आहेच. इथं मात्र डिस्क आधीच नव्या मशीनला जोडलेली असते आणि कमांड दिल्यावर तुमच्या फायलींमधला एक बाइटही जागचा हलत नाही. दोन टेराबाइटचा गट काही सेकंदांत ‘आयात’ झालेला बघून पोरं गोंधळणारच.

मग होतं काय? नोंद होते. एआयएक्सवर, म्हणजे आयबीएमच्या युनिक्सवर, प्रत्येक डिस्कच्या अंगावरच गटाची कुंडली लिहिलेली असते, तिला व्हीजीडीए म्हणतात. मशीनचं स्वतःचं दप्तर वेगळं, ते ओडीएम. ‘एक्सपोर्टव्हीजी’ ही कमांड दिली की ते दप्तरातली नोंद काढतं, डिस्कवरच्या मजकुराला हात लावत नाही. ‘इम्पोर्टव्हीजी’ला गटातली एकच डिस्क दाखवली तरी तिची कुंडली वाचून ते बाकीच्या भावंडांना शोधतं आणि सगळ्यांची नोंद नव्या दप्तरात करतं.

हे आपण रेशनकार्डावर रोज बघतो. लग्न झालं की माहेरच्या कार्डावरून मुलीचं नाव कमी करतात, तहसीलमधून तसा दाखला मिळतो, तो सासरच्या तालुक्याला दिला की तिथल्या कार्डावर नाव चढतं. मुलगी तर कधीचीच नांदायला आलेली असते. मागाहून सरकते ती नोंद. एआयएक्सनं आपली आणखी एक रीत उचलली आहे, गंमत म्हणून सांगतो: येणाऱ्या लॉजिकल व्हॉल्यूमच्या (गटातल्या जागेच्या एका हिश्श्याच्या) नावाचं कुणी नव्या मशीनवर आधीच असेल, तर ते येणाऱ्याचं नाव बदलून घेतं. सासरी त्याच नावाची जाऊ असली की सुनेचं नाव बदलायचे, तसं.

म्हणून माझा शब्द ‘दाखल करून घेणे’. ‘दाखल’ अरबीतून आला, अर्थ आत शिरलेला. निजामाच्या राज्यात दफ्तराची भाषा उर्दू, त्यामुळे मराठवाड्यात तो जरा जास्तच मुरला, पण उभा महाराष्ट्र तो वापरतो: गुन्हा दाखल, दवाखान्यात दाखल, उदाहरणादाखल. ‘करून घेणे’ मुद्दाम ठेवलंय. दप्तर नव्या मशीनचं, तेच आत घेतंय. ‘दाखला’ही याच घरातला, आणि एचपी-यूएक्सवर, म्हणजे एचपीच्या युनिक्सवर, तो खरोखर लागतो. तिथल्या जुन्या पद्धतीच्या गटांत लॉजिकल व्हॉल्यूमची नावं डिस्कवर नसतात, म्हणून ‘व्हीजीएक्सपोर्ट’ करताना त्या नावांची यादी, म्हणजे मॅपफाइल, काढून सोबत न्यायची. विसरलात तर पलीकडं ‘एलव्हॉल1’, ‘एलव्हॉल2’ अशी बिननावाची पोरं पदरात पडतात.

लिनक्सची तऱ्हा थोडी निराळी. तिथं नाव कमी केल्याचा शिक्का डिस्कवरच बसतो, ‘व्हीजीएस’ या कमांडनं दाखवलेल्या गटांच्या यादीत ‘एक्स’ अक्षर दिसतं, आणि ‘व्हीजीइम्पोर्ट’ तो पुसतं. तोवर गट चालू होत नाही.

उलट्या क्रियेला काय म्हणायचं? दाखलचा जोडीदार खारीज, पण तो मी टाळतो. कोर्टकचेरीमुळं खारीज म्हणजे फेटाळलेलं असंच कानाला लागतं. ‘निर्यात’ तर धोक्याचाच. एका संस्थेत काम करताना मीच फळ्यावर ‘निर्यात पूर्ण’ असं लिहून जेवायला गेलो होतो. सोबत्यानं अर्थ लावला, डेटा बाहेर गेला, डिस्का रिकाम्या झाल्या. परत आलो तेव्हा त्यानं त्या दुसऱ्या मशीनला लावून फॉरमॅटची कमांड टाइप केली होती, एंटर तेवढं बाकी होतं. तेव्हापासून ‘नाव कमी करणे’.

राहिला ‘खंडगट’. त्यातला ‘खंड’ काढाच. आपल्या भागात खंड म्हटलं की पावसाचा खंड, नाहीतर खंडानं दिलेलं रान. ‘गट’ मात्र ठेवा. सातबाऱ्यावरच्या गट नंबरामुळं पोरांना तो घरचा आहे. लॉजिकल व्हॉल्यूमला मी वर्गात बिनधास्त ‘पोटहिस्सा’ म्हणेन. गटातला पोटहिस्सा. मात्र तो कधी कधी दोन-तीन डिस्कांवर पसरलेला असतो, हे सांगायला विसरू नका.

टिपणातली ओळ अशी करता येईल: “जुन्या मशीनवर गट बंद करून त्याचं नाव कमी करा, डिस्का नव्या मशीनला जोडा, गट दाखल करून घ्या, चालू करा आणि मग माउंट करा.” माउंटला, म्हणजे गटातल्या फायली वापरायला खुल्या करण्याला, मराठी शब्द मागू नका, तो माउंटच राहू द्या.