सोमवारपासून अडत दुकानात, आणि पोटात गोळा

"माई, नमस्कार. मी तासगावची, वय ३९. बी. कॉम. झाल्यावर दोन वर्षं एका दुकानात वह्या लिहिल्या. मग लग्न, मुलं, आणि चौदा वर्षं घरीच. आता सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात अकाउंटचं काम मिळालंय. येत्या सोमवारी हजर व्हायचंय. टॅलीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर हिशोब ठेवायचा, तीन महिन्यांचा क्लास केलाय, पण क्लासमधलं वेगळं आणि खरं वेगळं. तिथे आधीपासून असलेला मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा आहे. त्याला किती वेळा विचारणार? हसेल ना मला. आठ दिवस झाले, पहाटे तीनला जाग येते, छाती धडधडते, जेवण जात नाही. सासूबाई म्हणतात, 'बारा हजारांत जाण्यायेण्याचे वजा केले तर उरणार काय?' मिस्टर काहीच बोलत नाहीत. चौदा वर्षांत बचत गटाच्या वहीशिवाय दुसरा हिशोब हातात धरलेला नाही. नाही म्हणून कळवून टाकावं का, असं सारखं वाटतंय. काय करू?"

अगं, कळवू नकोस. माझी थोरली सून तुझ्याच वयाची आहे, म्हणून अगं-तूगं करते, राग मानू नकोस. नाही म्हणायचंच असेल तर दोन महिने काम करून म्हण. तेव्हा तुला दुकान माहीत असेल, माणसं माहीत असतील, आणि नकोसं काय वाटतंय ते बोट ठेवून सांगता येईल. आत्ता तू ज्याला घाबरतेस ते दुकान अजून तू नीट पाहिलेलंसुद्धा नाहीस.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. हिशोब येणार नाहीत असं तू कुठेच म्हटलेलं नाहीस. तुझी सगळी भीती एका वाक्यात आहे, "त्याला किती वेळा विचारणार?" म्हणून आधी त्याच्याबद्दलच बोलते, बाकीचं नंतर.

मी तेवीस वर्षांची असताना मिरजेत एका पतसंस्थेत लागले. दुसऱ्याच आठवड्यात कॅशवर बसवलं. एका संध्याकाळी रोकड मोजली तर तीनशे चाळीस रुपये कमी. पुन्हा मोजली, पुन्हा तेवढेच कमी. माझा पगार तेव्हा नऊशे होता. शेजारच्या टेबलावरच्या दोघी पर्स आवरून उठल्या होत्या, शिपाई खिडक्या लावत होता, आणि माझ्या हातांना घाम सुटला होता. मी कुणाला काही बोलले नाही. महिन्याच्या पासासाठी ठेवलेले पैसे पर्समध्ये होते, ते घातले, उरलेले डब्याखाली घडी करून ठेवलेल्या नोटांमधले घातले आणि रोकड मिळवून दिली. चार दिवसांनी पैसे काढल्याची एक स्लिप खणाच्या मागच्या फटीत सापडली. बरोबर तीनशे चाळीसची. ती नोंदवल्यावर रोकड तेवढ्यानेच जास्त दिसायला लागली, आणि मग सगळं सांगावं लागलं, तेही चारचौघांत. आमचे हेडक्लार्क ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, कमी आलं तर मला सांगायचं. तू तुझे पैसे आत घातलेस तर मी शोधू काय?"

ते वाक्य मी पुढे पंचवीस वर्षं नव्याने लागलेल्या प्रत्येकीला सांगितलं, आज तुला सांगते. हिशोबाच्या कामात चूक सापडते. झाकलेली चूक सापडत नाही, ती मार्चअखेरीला बाहेर येते, आणि तोवर तिच्यावर आणखी चार नोंदी चढलेल्या असतात.

म्हणून विचारण्याची लाज सोमवारीच बाजूला ठेव. नवीन माणसाने पहिल्या पंधरा दिवसांत काहीही विचारलं तरी चालतं, कुणी मनावर घेत नाही. तोच प्रश्न चौथ्या महिन्यात विचारला की समोरचा भुवया उंचावतो. तू उलटं करायला निघाली आहेस. सुरुवातीला गप्प बसून अंदाजाने रेटायचं आणि अगदी अडलं की मग विचारायचं. तसं करू नकोस. पहिल्या दिवशी त्या मुलाला सरळ सांग, "मी चौदा वर्षांनी परत कामाला लागलेय, आठ-पंधरा दिवस तुम्हाला सारखं विचारीन. सांगितलेलं लिहून घेईन, म्हणजे तेच तेच परत विचारावं लागणार नाही." आणि खरंच लिहून घे. शंभर पानी वही आणि पेन पिशवीत असू दे. वहीत लिहून घेणाऱ्या बाईला कुणी हसत नाही. त्याला अहो-जाहो कर, पण वय कमी म्हणून अवघडून जाऊ नकोस. आपल्या घरातला मुलगा मोबाईलमधलं काही शिकवतो तेव्हा आपण कुठे अवघडतो?

आणि हसतील म्हणतेस, तर एक प्रयोग सांगते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. त्यांनी एकेका विद्यार्थ्याला एका गायकाचा फोटो असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालायला लावून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्यांच्या. प्रत्यक्षात साधारण पाव जणांच्याच लक्षात आलं होतं. मार्केट यार्डात तर बघायलाच नको. सौदे चालू असताना कुणी हळकुंड फोडून आतला रंग बघतोय, कुणी भाव पुकारतोय, कुणी पोत्यांच्या थप्पीवर चढलाय. तुझी कुठली नोंद चुकली याकडे डोळे लावून बसायला तिथे कुणाला सवड नसते.

आता बचत गटाच्या वहीबद्दल. घर चालवणं म्हणजे मॅनेजमेंटच, तेव्हा तुला सगळं येतंच, असं मी म्हणणार नाही. तशा कौतुकाने सोमवारी काही उपयोग होत नाही. पण वहीशिवाय काही नाही असं जे तू लिहिलंस, ते मला पटलं नाही. किती जणींचा गट, किती वर्षं, काही लिहिलं नाहीस. तरी गटाची वही म्हणजे बचत, कर्ज, व्याज, हप्ता, उशिराचा दंड आणि बँकेचं पासबुक. ती दर महिन्याला जुळावी लागते, नाहीतर बैठकीत बायका सोडत नाहीत. आणि त्याहून मोठी गोष्ट, लिहितावाचता न येणाऱ्या एखाद्या मावशींना त्यांचं व्याज किती आणि मुद्दल किती फिटलं, हे तू कधीतरी बोटांवर मोजून समजावलं असशीलच.

अडत दुकानात हेच लागतं. शेतकरी माल विकून काउंटरला येतो, त्याला पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, करून द्यायची असते. समजा साडेपाच क्विंटल हळद, भाव चौदा हजार. झाले सत्याहत्तर हजार. त्यातून हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल वजा जाऊन हातात किती, हे त्याला कळलं पाहिजे. त्याच्या वर्षभराच्या कष्टाचा तो कागद असतो. बियाणं, खत, काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश, सगळं झाल्यावर तो तुझ्यासमोर उभा राहतो आणि विचारतो, "हे कसलं कापलंय?" त्याला शांतपणे, वर न बघता नव्हे, तोंडाकडे बघून सांगणारं माणूस दुकानाला हवं असतं. टॅली महिन्याभरात हाताला लागतं. हे लागायला वेळ जातो, आणि ते तुझ्याकडे आहे.

म्हणून पहिल्याच दिवशी विचारायचं ते हे. कुठल्या रकमा कुणाच्या खात्यातून कापायच्या? रोकड कधी मिळवायची आणि कुणाच्या सहीने? कोणत्या नोंदी रोजच्या रोज आणि कोणत्या साठवून करायच्या? जीएसटीचं काम दुकानात होतं की कागद बाहेर सीएकडे जातात? दर महिन्याचं रिटर्न असेल तर विक्रीच्या तपशिलाचं पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि कर भरण्याचं २० तारखेपर्यंत, या दोन तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. तू घरी बसलीस तेव्हा जीएसटी नव्हताच, तो १ जुलै २०१७ ला आला. त्यामुळे त्यातलं माहीत नसण्यात तुझं काही मागे राहिलेलं नाही. तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने तो पहिल्यापासूनच शिकला.

टॅलीचा हात घरीच बसव. मुलाच्या नाहीतर शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर टॅली शिकाऊ पद्धतीने फुकट चालतं. तारखा ठराविकच घेतं, पण सरावाला पुरतं. गटाच्याच मागच्या महिन्याच्या नोंदी त्यात घालून बघ. पेमेंटला एफ ५, रिसीटला एफ ६, जर्नलला एफ ७, विक्रीला एफ ८, खरेदीला एफ ९. एवढी पाच बटणं न बघता दाबता आली तरी सोमवारी हात थरथरणार नाहीत.

आणखी एक कर. सोमवारच्या आधी, दुकानं चालू असतील अशा दिवशी एकदा यार्डात जाऊन ये. एकटी जा. ज्या एसटीने रोज जाणार तीच पकड, सांगलीच्या स्टँडवर उतर, यार्डापर्यंत कसं जायचं ते बघ, किती वेळ लागला ते लिही. दुकानात शिरायची गरज नाही. समोर चहा घे आणि बघत उभी राहा. नव्या हळदीच्या दिवसांत हवेत पिवळी धूळ असते, रुमाल ने, शिंका येतील. पांढरी साडी किंवा ड्रेस पहिल्या दिवसासाठी काढून ठेवला असशील तर परत कपाटात ठेव. बाईमाणसाला स्वच्छतागृह कुठे आहे तेही विचारून घे. हे कुणी लिहीत नाही, पण पहिल्या दिवशी निम्मा जीव त्यातच अडकलेला असतो.

धडधडीचं थोडक्यात सांगते. अनोळखी ठिकाणी जायचं म्हटलं की शरीर संकट समजून तयारीला लागतं. हृदय जोरात चालतं, पोटाचं काम मंदावतं, म्हणून घास उतरत नाही. हा आजार नाही. पहाटे जाग आली की मोबाईल घेऊ नकोस आणि घड्याळ बघू नकोस. श्वास चार मोजत आत घे आणि सात-आठ मोजत सावकाश सोड, पाच मिनिटं. सोडणं लांबलं की ठोके आपोआप उतरतात. तरीही झोप लागली नाही तर उठून मनात घोळतंय ते सगळं कागदावर उतरव. मला तू पत्र लिहिलंस त्या रात्री जरा बरं वाटलं असेल बघ. सकाळी रिकाम्या पोटी चहावर चहा नको, त्याने धडधड वाढते. भाकरी दुधात कुस्करून चार घास खा, तेवढे उतरतात. कामावर रुळल्यावरही महिना-दीड महिना झोप आणि जेवण असंच राहिलं तर मात्र अंगावर काढू नकोस. मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, रात्री-अपरात्रीसुद्धा चालू असतो, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.

सासूबाईंच्या हिशोबाला उत्तर आत्ता देऊ नकोस. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ते त्यांना माहीत असेलही. त्यांचा प्रश्न खरं तर वेगळा असावा. तू सकाळी निघालीस की दुपारचं घर कुणी बघायचं, हे त्यांना कुणी विचारलेलं नाही. ते आज विचार. "आई, दुपारचं कसं करूया?" असं. बारा हजारांत काय उरतं ते पहिला पगार झाल्यावर त्यांच्याच समोर बसून मांड. उरेल ते थोडंच असेल, पण तुझ्या खात्यात असेल.

आणि मिस्टर बोलत नाहीत म्हणून त्यांचा विरोध आहे असं धरून चालू नकोस. आपल्याकडे बरेच पुरुष काय बोलावं ते न सुचल्याने गप्प बसतात. त्यांना तुझं मन ओळखायला लावू नकोस, एक ठरावीक काम सांग. पहिला आठवडा सकाळी स्टँडवर सोडा, एवढंच सांग. गाडीला किक मारतील तेव्हा कळेल त्यांच्या मनात काय आहे ते.

पहिल्या आठवड्यात सगळं जमेल अशी आशा धरू नकोस. पी हळद आणि हो गोरी असं कुठल्याच कामात होत नाही, हळदीच्या तर नाहीच. एखादी पट्टी चुकेल. कुणी तरी घाईत असताना टाकून बोलेल. संध्याकाळी एसटीत खिडकीला डोकं टेकून रडू आलं तर रडून घे, आणि उतरायच्या आधी वही उघडून त्या दिवशी काय नवीन कळलं ते दोन ओळी लिही.

मला परत पत्र लिही. पण ३१ मार्च उलटल्यावर लिही, त्याआधी तुला वेळ मिळायचा नाही.

तुझी,
माई