नाइटविश ऐकायला सुरुवात करताय?

पहिल्या अल्बमपासून क्रमाने ऐकत बसू नका, कंटाळाल. थेट २००४ चा 'वन्स' लावा. हा सिम्फॉनिक मेटल बँड, म्हणजे हेवी मेटलला ऑर्केस्ट्राची जोड देणारा, फिनलंडमधल्या किते या गावचा. या अल्बमची गायिका टार्या टुरुनेन पाश्चात्त्य शास्त्रीय गायन शिकलेली, त्यामुळे गिटारच्या गदारोळातूनही तिचा सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच पट्टीतला स्त्री-आवाज, सरळ वर चढतो. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. ऑर्केस्ट्रा आणि बास गायब होतात, उरते नुसती किंकाळी. मी तेच केलं आणि पुढे दोन वर्षं या बँडकडे फिरकलो नाही! साधे हेडफोनही चालतील. मग १९९८ च्या 'ओशनबॉर्न'कडे या, तिथे ऑपेरा जास्त ठसठशीत आहे. २००५ मध्ये टार्याला बँडमधून काढलं. २०१२ पासून फ्लोर यान्सन गाते. 'टार्या की फ्लोर' या भांडणात मात्र इतक्यात पडू नका.