सावकाश थंड करूनही पट्टी का वाकते?

प्रश्न : सिलिकॉन कार्बाइडचे तंतू घातलेली टायटॅनियम मिश्रधातूची पट्टी ९०० अंश सेल्सिअसला दाबाखाली जोडली आणि भट्टीतच रात्रभर निवू दिली. तरी वाकली. पुन्हा तापवून ताण काढायला गेलो, तर निवल्यावर बाक तसाच. चूक कुठे झाली?

उत्तर : वेगाला दोष देऊ नका. टायटॅनियम दर अंशाला दहा लाखांत साधारण ९-१० भाग आकसतं, तंतू ४-५ भाग. दोघं एकमेकांना चिकटलेले, म्हणून धातूला हवं तेवढं आकसता येत नाही. धातूत तंतूच्या दिशेने ओढ राहते, तंतूत दाब.

आकडे घालून पाहा. तंतू ३५ टक्के, त्यांचा यंग गुणांक (ताठपणाचं माप) ४०० गिगापास्कल, धातूचा ११५, प्रसरणातला फरक ५. सुरुवातीला धातू मऊ असतो आणि सरपटतो, म्हणजे ताणाखाली हळूहळू कायमचा ताणला जातो, त्यामुळे ताण निघून जातो, म्हणून ९०० ऐवजी शेवटचे ६५० अंशच हिशेबात धरू. धातूत सुमारे २४५ मेगापास्कल ओढ येते, तंतूत सुमारे ४५० मेगापास्कल दाब. या हिशेबात वेळ कुठेच नाही. सावकाश निववण्याचा फायदा फक्त वरच्या तापमानात, धातू सरपटतो तोवर. तिथेही फार रेंगाळलात तर धातू तंतूवरच्या कार्बनच्या लेपाशी रासायनिक क्रिया करून तो खाऊ लागतो.

पुन्हा तापवल्यावर ताण जातो हे खरं, पण निवताना तेवढाच परत येतो.

मात्र ताण असला म्हणजे पट्टी वाकतेच असं नाही; थर मध्यापासून दोन्ही बाजूंना सारखे असतील तर ती सरळ राहते. तुमची पट्टी कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. तंतूंचे थर एका अंगाला सरकलेले दिसण्याची शक्यता मोठी आहे. रचताना वरखाली धातूचे पत्रे सारख्या जाडीचे घ्या.

तंतूभोवती धातूत गोलाकार ओढही असते. धातू ठिसूळ असेल, उदाहरणार्थ टायटॅनियम-ॲल्युमिनाइड, तर तंतूपासून बाहेर जाणाऱ्या भेगा याच ओढीने पडतात. तंतू एकमेकांना टेकलेले असतील तिथे आधी बघा.

प्रश्न : ताण मोजायला न्यूट्रॉन विवर्तनाची (न्यूट्रॉन धातूच्या खोलवर पाठवून ताण मोजण्याची) सोय नाही. क्ष-किरणांवर भागेल का?

उत्तर : टायटॅनियममध्ये ते काही मायक्रॉनच आत जातात, म्हणजे वरच्या पत्र्याचा ताण कळेल, तंतूंजवळचा नाही. त्यापेक्षा धातू विरघळवून तंतू मोकळा करा आणि लांबी मोजा. वरच्या उदाहरणात १०० मिलिमीटर तंतू सुमारे ०.११ मिलिमीटर लांबेल. टायटॅनियमसाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं; कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (या आम्लाने भाजल्यावर लावायचं औषध) हाताशी नसेल तर बाटली उघडूच नका.

प्रश्न : द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ताण उतरतो म्हणतात, ते खरं का?

उत्तर : ॲल्युमिनियमसारख्या लवकर लवणाऱ्या (कमी ताणातच कायमचा आकार बदलणाऱ्या) धातूत, हो. उणे १९६ अंशांना धातू आणखी ताणला जाऊन कायमचा थोडा लांबतो आणि खोलीच्या तापमानाला परतल्यावर ओढ कमी भरते. तुमच्या टायटॅनियममध्ये जेमतेम ८० मेगापास्कलची भर पडेल. एकूण ३२५, म्हणजे लवण्यापासून तो कितीतरी दूर. बाहेर काढल्यावर ताण पुन्हा पहिल्याइतकाच.