हाताखालचे मॅनेजर हुशार आहेत, तरी प्रत्येक निर्णय माझ्याकडेच येतो. त्यांना तयार कसं करू?

तुम्ही लिहिलंय की सगळे मॅनेजर अनुभवी आहेत, दोन-तीन प्रशिक्षणंही झाली, तरी साध्या साध्या गोष्टींसाठी तुमच्याकडे रांग लागते. बरीच वर्षं वेगवेगळे विभाग सांभाळल्यावर माझं याबाबत एक ठाम मत झालंय. तुम्ही कामं वाटून दिलीत, पण निर्णय स्वतःकडे ठेवलेत. प्रत्यक्ष निर्णय घेतल्याशिवाय निर्णय घ्यायला शिकता येत नाही, आणि ते कुठल्याही प्रशिक्षणवर्गात शिकता येत नाही.

हे दुखणं जुनं आहे. विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वास यांनी १९७४ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये ते फार नेमकं मांडलं होतं. मॅनेजर अडचण घेऊन येतो, तुम्ही घाईत असता, ‘बघतो आणि कळवतो’ म्हणता. तेवढ्यात त्याच्या खांद्यावरचं माकड, म्हणजे पुढचं पाऊल उचलायची जबाबदारी, तुमच्या खांद्यावर येऊन बसतं. आता दोन दिवसांनी तोच तुम्हाला विचारणार, ‘सर, त्याचं काय झालं?’ काम त्याचं, पाठपुरावाही त्याचाच, आणि राबताय तुम्ही! तेव्हा यापुढे कोणी ‘काय करू?’ म्हणून आलं की उलट विचारा, ‘तुम्हाला काय करावंसं वाटतं, आणि का?’ सुरुवातीला समोरचा गप्प बसेल. तुम्हीही गप्प बसा. त्याचं उत्तर तुमच्या उत्तराइतकं चांगलं नसलं तरी चालण्यासारखं असेल, तर ‘करा’ म्हणा आणि त्यात स्वतःची भर घालू नका. हे वाटतं त्यापेक्षा खूप अवघड आहे. पण साहेब शेवटी बदल करणारच, हे एकदा कळलं की माणसं अर्धवट विचार करून येऊ लागतात.

सगळ्यात जास्त उपयोग मला एका साध्या कागदाचा झाला. प्रत्येक मॅनेजरबरोबर स्वतंत्र बसा आणि त्याच्या कामातले निर्णय लिहून काढा: ग्राहकाला नवी तारीख देणं, पुरवठादार बदलणं, नेमणूक करणं, ठरलेल्या मर्यादेत खर्च मंजूर करणं, तक्रार मिटवणं. मग प्रत्येकापुढे लिहा की तो निर्णय त्याने परस्पर घ्यायचा, घेऊन तुम्हाला कळवायचा, की आधी विचारायचा. हे करताना बहुतेक वेळा असं निघतं की ज्या गोष्टी तुम्ही त्याला केव्हाच दिल्यात असं समजत होता, त्या त्याने कधी स्वतःच्या मानल्याच नव्हत्या. तो तुमची वाट बघत होता आणि तुम्ही त्याची. दर तिमाहीला कागद पुन्हा काढा आणि निदान एक निर्णय ‘आधी विचारा’मधून पुढे सरकवा. माणूस वाढतोय की नाही, हे मला वार्षिक अप्रेझलपेक्षा या कागदावर जास्त स्वच्छ दिसतं.

सगळ्यांना एकच माप मात्र लावू नका. इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीचे माजी प्रमुख अँडी ग्रोव्ह म्हणायचे की किती लक्ष घालायचं हे त्या माणसाला त्या विशिष्ट कामाचा किती अनुभव आहे, यावर ठरवावं. विक्रीत मुरलेला माणूस पहिल्यांदा बजेट करत असेल, तर बजेटपुरता तो नवखाच. तिथे पहिला कच्चा मसुदा तयार होताच बघा, कारण तेव्हा दुरुस्ती स्वस्त असते. शेवटच्या रात्री सगळं उलटंपालटं केलंत, तर काम वाचेल पण माणूस खचेल.

फीडबॅकबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ साली आधीच्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने फीडबॅकमुळे काम सुधारत होतं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ते बिघडलं होतं. लक्ष कामावरून उडून स्वतःच्या प्रतिमेकडे गेलं की असं होण्याची शक्यता वाढते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ‘तुम्ही बेफिकीर आहात’ असं म्हणू नका. ‘गुरुवारचा अहवाल सोमवारी आला, त्यामुळे खरेदी विभागाला आकडे न बघताच ऑर्डर द्यावी लागली. उशीर होणार हे पुढच्या वेळी मला कधी कळेल?’ असं विचारा, आणि त्याच आठवड्यात विचारा.

मग एखादा निर्णय चुकेल. चुकणारच. तेव्हा तुम्ही काय करता, याकडे सगळी टीम डोळे लावून बसलेली असते. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या, तेव्हा चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या, कारण तिथे लोक चुका न लपवता बोलत होते. तेव्हा आधी ‘आता काय करायचं?’ विचारा, ‘असं का झालं?’ हे नंतर शांतपणे. आणि एका चुकीसाठी दिलेला अधिकार काढून घेऊ नका, नाहीतर बाकीचे सगळेही आपापले निर्णय गुपचूप तुमच्या टेबलावर परत आणून ठेवतील.

पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येकाला अर्धा तास द्या, विषय त्याने ठरवावेत. कामाचा आढावा ईमेलवर घ्या.

काही जणांना निर्णय नकोच असतात. आपल्या विषयात निष्णात असलेल्या अशा माणसाला ओढूनताणून मॅनेजर करण्यात त्याचंही नुकसान आहे आणि टीमचंही. त्याच्यासाठी त्याच्याच विषयातली वरची जागा शोधा.

सुरुवात तुमच्याशी वाद घालणाऱ्या मॅनेजरपासून करा, त्याला स्वतःचं मत आधीच आहे. आणि तुमच्या वरिष्ठांनाही कल्पना द्या. ते मीटिंगमध्ये बारीकसारीक तपशील विचारतात, तो आपल्याला तोंडपाठ हवा या भीतीने आपण सगळं पुन्हा हातात घेतो. त्यापेक्षा ‘हे काम आमच्या मॅनेजर बघतात, त्यांनाच बोलावतो’ असं सांगा, आणि त्या मॅनेजरला खरंच आत बोलवा.