कॅमेरा बंद ठेवणारे विद्यार्थी

प्रश्न : मॅडम, मी पदवीच्या वर्गाला ऑनलाइन संख्याशास्त्र शिकवतो. बहुतेक विद्यार्थी तिशी-चाळिशीतले, नोकरी-संसार सांभाळून शिकणारे. तासाला कॅमेरे बंद, प्रश्न विचारला की सामसूम, गृहपाठ नेहमी उशिरा. हजेरी सक्तीची करावी का?

उत्तर : नको. सक्ती केलीत तर पडद्यावर नावं दिसतील, माणसं भलतीकडेच असतील. कॅमेरा बंद असतो तेव्हा कुणाचं मूल रडत असतं, कुणी कामावरून परतत असतं. हजेरीचे गुण द्यायचेच असतील तर आठवड्याला एक छोटा प्रश्न घाला आणि त्याच्या उत्तराला द्या.

या मंडळींकडे बुद्धी आहे, सलग वेळ नाही. म्हणून थेट तास शंकांपुरता आणि ऐच्छिक ठेवा. शिकवणं रेकॉर्ड करा, पण तुकड्यांत. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. व्हिडिओ कितीही लांब असो, निम्मे प्रेक्षक ६ मिनिटांच्या आतच थांबत होते. तासाभराचं व्याख्यान जसंच्या तसं चढवणारे प्राध्यापक मला अजून भेटतात, काय बोलणार!

गृहपाठाचा वार मात्र सत्रभर एकच ठेवा. पाळ्यांत काम करणाऱ्याला तुमच्या दयेपेक्षा आधी कळलेली तारीख उपयोगी पडते. सत्रात दोनदा, कारण न विचारता, मुदतवाढ द्या. कारणं मागितलीत की आजारपणाचे दाखले गोळा करत बसाल.

उदाहरणं त्यांच्याच कामातली घ्या. परिचारिकेला रक्तदाबाच्या नोंदींवरून प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते, समजवा, पाठ्यपुस्तकातल्या फाशांवरून नव्हे.

आता त्या सामसुमीबद्दल. प्रौढ विद्यार्थी स्वतःच्या शिक्षणाची सूत्रं स्वतःकडे घेऊ पाहतात, असं प्रौढशिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांनी मांडलं. मला ते अर्धंच पटतं. पंधरा वर्षांनी गणिताकडे वळलेला माणूस कामावर दहाजणांना हुकूम सोडत असेल, पण वर्गात ‘मला अपूर्णांक आठवत नाहीत’ म्हणायला लाजतो. तो चारचौघांत विचारणार नाही, गुपचूप गळेल. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत ज्याचा गृहपाठ आला नाही, त्याला सगळ्यांना धाडायचं स्मरणपत्र पाठवू नका. नावानिशी दोन ओळी लिहा. ‘काही अडलंय का?’ असं विचारू नका, ‘नाही सर’ एवढंच उत्तर येईल. ‘दुसऱ्या व्हिडिओतलं कोणतं गणित अडलं?’ असं विचारा.